विश्लेषण : विजेत्या पुणेरी पलटणने सर्वात महागडा खेळाडू का सोडला? पाच कोटींत संघ कसा बसतो?

प्रो कबड्डी लीगचा बारावा हंगाम ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत संपला. अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरवले. मॅटवरची कबड्डी थांबली की संघांच्या कार्यालयात दुसरा खेळ सुरू होतो. कोणाला ठेवायचे, कोणाला मोकळे करायचे आणि मोकळे केलेल्याला पुन्हा घ्यायचेच झाले तर कितीपर्यंत ताणायचे, याचा तो खेळ. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात हा व्यवहार समजावून सांगायला फार वेळ लागू नये. गुढीपाडवा जवळ आला की तिथे सालगड्याचे साल ठरते. जुन्याला वाढवून द्यायचे की नवा पाहायचा, आणि वाढवून दिले तर बी-बियाण्याला काय उरणार, हा हिशेब शेतकरी दरवर्षी करतो. कबड्डी संघांचा हिशेब तसाच असतो. फरक इतकाच, की इथे मालकाकडे कितीही पैसा असला तरी खर्चाची मर्यादा लीगने आखून दिलेली आहे.

पाच कोटी म्हणजे नेमके किती?

दहाव्या हंगामापासून प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त पाच कोटी रुपये खर्च करता येतात. त्याआधी, नवव्या हंगामात ही रक्कम ४ कोटी ४० लाख होती. एवढ्यात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू बसवायचे. लिलावासाठी खेळाडूंचे चार गट असतात. ‘अ’ गटाची मूळ किंमत ३० लाख, ‘ब’ची २० लाख, ‘क’ची १३ लाख आणि ‘ड’ची ९ लाख. बोली तिथून वर जाते.

लिलावाआधी संघ आपले काही खेळाडू कायम राखू शकतो. त्यासाठी ‘एलिट रिटेन्ड प्लेअर्स’, ‘रिटेन्ड यंग प्लेअर्स’ आणि ‘न्यू यंग प्लेअर्स’ असे कप्पे आहेत. पहिल्यात नावाजलेले खेळाडू येतात. उरलेल्या दोन्हींत संघाने तरुणपणी हेरलेले, आपल्याकडे घडवलेले खेळाडू. कायम राखलेल्यांचा पगार पाच कोटींतून वजा होतो आणि उरेल ती रक्कम घेऊन संघ लिलावाच्या टेबलावर बसतो.

आणखी एक हत्यार आहे, ‘फायनल बिड मॅच’. सोडून दिलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने अखेरची बोली लावली, की जुना संघ तेवढ्याच रकमेला त्याला परत घेऊ शकतो. दर बाजाराने ठरवायचा, पहिला हक्क मात्र जुन्या मालकाचा. बाराव्या हंगामाच्या लिलावात अशा खेळाडूला एका किंवा दोन हंगामांसाठी बांधून घेण्याची मुभाही दिली गेली.

एकाच लिलावातील दोन सौदे

पाच कोटींचे गणित कळण्यासाठी ऑक्टोबर २०२३चा, म्हणजे दहाव्या हंगामाचा लिलाव पाहावा. त्यात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६०.५ लाखांना घेतले. लीगच्या इतिहासातील तोवरची ती सर्वात मोठी बोली. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शाडलुईला २ कोटी ३५ लाख मोजले. टायटन्सचा ५२ टक्के पैसा एका माणसावर गेला, पुण्याचा ४७ टक्के. किमान १८ जणांचा संघ धरला, तर उरलेल्या १७ जणांसाठी टायटन्सकडे सरासरी १४ लाख राहिले आणि पुण्याकडे साडेपंधरा लाख. म्हणजे दोघांची ऐपत जवळपास सारखीच.

निकाल मात्र दोन टोकांचे लागले. टायटन्सने साखळीतील २२ पैकी फक्त दोन सामने जिंकले आणि संघ तळाला राहिला. पुण्याने ९६ गुणांसह अव्वल स्थान मिळवले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद पटकावले. शाडलुईने पकडींचे ९९ गुण मिळवले आणि हंगामातील सर्वोत्तम बचावपटूचा मान घेतला.

पवन वाईट खेळाडू होता असे कोणी म्हणणार नाही. फरक होता उरलेल्या सतरांत. पुण्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार होता. पंकज मोहिते, आकाश शिंदे, मोहित गोयत, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री होते. यातील बहुतेक जण लिलावात कोटीचा आकडा लावून आणलेले नव्हते. तरुणपणी घेऊन, तरुणांच्या कप्प्यात राखून, वर्षानुवर्षे एकत्र खेळवलेली ही पोरे. अस्लम कर्णधार होता आणि त्या हंगामातील सर्वात मौल्यवान खेळाडूही तोच ठरला. त्याची लिलावातली खरी किंमत काय आली असती, याचा अंदाज कोणीही बांधावा.

थोडक्यात, शाडलुईचे सव्वादोन कोटी पुण्याला परवडले ते या पोरांच्या तुलनेने कमी पगारामुळे. त्या विजेतेपदाचा निम्मा खर्च त्यांनीच उचलला, असे म्हणायला हरकत नाही.

मग शाडलुईला सोडले का?

विजेतेपदानंतर पाच महिन्यांनी, ऑगस्ट २०२४च्या लिलावाआधी पुण्याने शाडलुईला करारमुक्त केले आणि मराठी तरुणांचा गाभा राखला. सोशल मीडियावर चाहते हळहळले. लिलावात हरियाणा स्टीलर्सने, म्हणजे अंतिम सामन्यात पुण्याकडून हरलेल्या संघानेच, त्याला २ कोटी ७ लाखांना उचलले. डिसेंबरअखेरीस पुण्याच्याच बालेवाडीत हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवून विजेतेपद मिळवले. पुणेरी पलटण त्या हंगामात बाद फेरीही गाठू शकली नाही. गतविजेत्यांचे घर, त्यांनीच सोडलेला खेळाडू आणि त्याच्या हातात करंडक. टीकाकारांना यापेक्षा चांगले चित्र मिळाले नसते.

निर्णय चुकला, असे म्हणणे मग सोपे झाले. पण दोन गोष्टी पाहायला हव्यात. एक, अस्लमला दुखापत झाली आणि हंगामाचा मोठा भाग तो बाहेर राहिला. दोन, तरुण खेळाडू जुने होत जातात तसा त्यांचा पगारही वाढत जातो. सहा-सात जणांचा पगार प्रत्येकी दहा-पंधरा लाखांनी वाढला, तरी कोटभर रुपये तिथेच जातात. मर्यादा पाच कोटींवर अडून आहे. तेव्हा एक मोठा की सात मधले, हा प्रश्न येतोच. पुण्याने सात मधले निवडले. विजेत्या संघाची खरी परीक्षा अशी विजेतेपदानंतर सुरू होते, कारण जिंकल्याने सगळ्यांचेच भाव वाढलेले असतात.

मोठ्या नावाला सोडण्याची पुण्याची ही पहिली वेळही नव्हती. ऑगस्ट २०२२मध्ये त्यांनी इराणच्याच फझल अत्राचलीवर १ कोटी ३८ लाख खर्च केले. संघ अंतिम फेरीत गेला आणि डिसेंबरात मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ असा हरला. पुढच्या लिलावाआधी फझलला मोकळे केले गेले. गुजरातने त्याला १ कोटी ६० लाखांना घेतले आणि त्याच्या जागी पुण्यात शाडलुई आला. तो बदल यशस्वी ठरला म्हणून त्याची चर्चा कोणी केली नाही. २०२५च्या अंतिम सामन्यात पुण्याला हरवणाऱ्या दिल्लीच्या बचावफळीत मात्र फझल उभा होता.

आता बाराव्या हंगामाचा हिशेब पाहा. २०२५च्या लिलावात दहा खेळाडूंना कोटीच्या वर भाव मिळाला. सर्वात महाग शाडलुईच. गुजरात जायंट्सने त्याच्यासाठी २ कोटी २३ लाख दिले. बंगाल वॉरियर्सने चढाईपटू देवांक दलालवर २ कोटी २०.५ लाख लावले. पुण्याची सर्वात मोठी खरेदी होती सचिन तंवर, १ कोटी ५.८ लाख. हंगामाअखेरीस गुजरात आणि बंगाल दोघेही पहिल्या आठांत नव्हते. पुणे साखळीत पहिले होते.

यावरून ‘मोठी बोली म्हणजे बुडीत खाते’ असा नियम काढण्याचा मोह होईल. तो आवरावा. विजेत्या दिल्लीने आशू मलिकला परत घेण्यासाठी १ कोटी ९० लाख मोजलेच होते, म्हणजे पाच कोटींतले ३८ टक्के. मोठी बोली पचते किंवा पचत नाही, ते बाकीच्या संघाकडे पाहूनच कळते. नवव्या हंगामात तमिळ थलायवाजने पवनवर २ कोटी २६ लाख खर्च केले आणि तो पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊन हंगामभर बाहेर बसला. तरीही थलायवाज उपांत्य फेरीत गेले, कारण नरेंदर नावाचा नवखा चढाईपटू तेव्हाच उगवला होता.

‘कायम राखले’ ही बातमी कोणासाठी चांगली?

दर हंगामाआधी राखलेल्या खेळाडूंची यादी जाहीर होते तेव्हा गावोगावी अभिनंदनाचे फलक लागतात. खेळाडूच्या खिशाच्या दृष्टीने मात्र ही बातमी नेहमीच गोड नसते. राखलेला तरुण खेळाडू लिलावात उतरतच नाही. त्यामुळे बाजार त्याला किती देईल, हे कधी समोरच येत नाही.

यू मुम्बाच्या अनिल मोहनचे उदाहरण बोलके आहे. २०२५च्या लिलावात तो ‘ड’ गटात होता, मूळ किंमत ९ लाख. बोली चढत गेली आणि यू मुम्बाला त्याला परत मिळवण्यासाठी ७८ लाखांची बोली जुळवावी लागली. ‘ड’ गटातील तो सर्वात महागडा खेळाडू ठरला. त्याला थेट राखले असते, तर एवढी रक्कम बहुधा त्याच्या वाट्याला आली नसती. देवांकचेही तसेच. अकराव्या हंगामात त्याने पाटण्यासाठी चढाईचे ३०१ गुण मिळवले, संघाला अंतिम फेरीत नेले. पाटण्याने त्याला सोडले आणि त्याचे सोने झाले.

त्याआधीचे कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाईचे उदाहरण तर मराठी कबड्डीप्रेमींना पाठ आहे. २०१८मध्ये यू मुम्बाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. एका हंगामात त्याने धुमाकूळ घातला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले आणि मुंबई बघत राहिली. संघाच्या चाहत्याला हे दु:ख वाटते. पण खेळाडूच्या घरी त्या दिवशी काय वाटले असेल?

अर्थात सुरक्षितता ही राखले जाण्याची दुसरी बाजू. लिलावात नाव पुकारले गेले आणि एकही हात वर झाला नाही, तर हंगामच गेला. गुडघा किंवा खांदा दुखावलेल्या खेळाडूला कमी पगाराचा, पण हातातला करार नक्कीच मोलाचा. अस्लम जायबंदी होऊनही पुण्याने त्याला सोडले नाही, पुढच्या हंगामात कर्णधारही ठेवले. हा हिशेब आकड्यात मांडता येत नाही.

भाव किती लवकर उतरतो?

फार लवकर. २०१४च्या पहिल्या लिलावात सर्वात महाग ठरलेल्या राकेश कुमारला १२ लाख ८० हजार मिळाले होते. २०१८मध्ये फझल पहिला कोट्यधीश झाला आणि त्याच लिलावात मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांवर गेला. त्याच वर्षी जानेवारीत महाराष्ट्राला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देणारा कर्णधार रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांना उत्तर प्रदेशच्या संघाकडे गेला. चढण इतकी उभी, की उतरण कोणाला दिसलीच नाही.

ती प्रदीप नरवालने दाखवली. लीगमध्ये चढाईचे १८०० हून अधिक गुण घेणारा हा एकमेव खेळाडू. २०२१मध्ये त्याला १ कोटी ६५ लाख मिळाले, पुढच्या वर्षी ९० लाख, २०२४मध्ये ७० लाख. २०२५मध्ये त्याच्यावर बोलीच लागली नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. पुण्याने १ कोटी ५.८ लाखांना घेतलेल्या सचिन तंवरला आदल्याच वर्षी थलायवाजने २ कोटी १५ लाख दिले होते. एका वर्षात भाव निम्म्याहून खाली. करार एक-दोन हंगामांचे असल्याने घसरण लगेच पगारात उतरते. शिवाय कोटीच्या आकड्यातून प्राप्तिकर जातो, तो वेगळाच.

क्रिकेट आणि बास्केटबॉलमध्ये काय होते?

तत्त्व तेच, रक्कम वेगळी. आयपीएलच्या २०२५च्या महालिलावाआधी प्रत्येक संघाला १२० कोटी होते. मुंबई इंडियन्सने जसप्रीत बुमरा १८ कोटी, सूर्यकुमार यादव आणि हार्दिक पंड्या प्रत्येकी १६.३५ कोटी, रोहित शर्मा १६.३० कोटी आणि तिलक वर्मा ८ कोटी अशी पाच नावे राखली. बेरीज बरोबर ७५ कोटी. उरलेला सगळा संघ ४५ कोटींत उभा करायचा होता. पुण्याने कबड्डीत जे एका खेळाडूवर केले, ते मुंबईने पाच जणांवर विभागले. एक जायबंदी झाला तर चार उरतात, एवढा फायदा त्यात आहेच.

अमेरिकेच्या एनबीएत मात्र मर्यादा ओलांडता येते. २०२५-२६च्या हंगामासाठी ती सुमारे १५.४६ कोटी डॉलर आहे. आपले जुने खेळाडू राखण्यासाठी संघ तिच्या वर जाऊ शकतो, पण एका टप्प्यानंतर जबर कर आणि नव्या खेळाडूंच्या व्यवहारांवर निर्बंध येतात. २०२४चा विजेता बोस्टन सेल्टिक्स त्यात अडकला. वर्षभरातच त्यांनी ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टाप्स पोर्झिंगिस या विजेत्या संघातील दोन आधारस्तंभांना दुसरीकडे धाडले, मुख्यत: पगाराचा बोजा उतरवण्यासाठी. म्हणजे अब्जाधीश मालकांनाही पुण्यासारखाच पेच पडतो. आपल्या लीगमध्ये कर भरून सुटका नाही, एवढेच.

झरीच्या मुलापर्यंत हे कसे पोहोचते?

संघाला सर्वाधिक फायदा देतो तो स्वस्तात मिळालेला, पटकन तयार होणारा तरुण. म्हणूनच संघ आता गावागावांत नजर ठेवून असतात. झरीच्या मातीतल्या मैदानावर खेळणाऱ्या मुलापुढे ढोबळमानाने दोन वाटा आहेत. पहिली जुनी : जिल्हा संघटनेची निवड चाचणी, परभणीचा संघ, राज्य अजिंक्यपद स्पर्धा आणि तिथून महाराष्ट्राचा संघ. दुसरी महाविद्यालयाची. परभणीतील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. विद्यापीठ संघ खेलो इंडिया स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला, तर तिथून थेट लिलावाच्या यादीत नाव जाऊ शकते. नवव्या हंगामाच्या लिलावात अशा दोन अव्वल विद्यापीठ संघांतील २४ खेळाडू घेतले गेले. यादीत मात्र पाचशेवर नावे असतात आणि संघ बाराच. हे गणित घरच्यांनी आधी करून ठेवलेले बरे.

मातीवर घडलेल्या मुलाला मॅटची सवय लागायला वेळ जातो. मॅटवर पावलाची पकड, वळण आणि घसरण सगळेच बदलते, बूटही घालावे लागतात. ग्रामीण मराठवाड्यातील अनेक चांगले खेळाडू मागे पडतात ते इथे. त्यासाठी लीगच्या लिलावापेक्षा तालुक्याला एक मॅट मिळणे जास्त उपयोगाचे.

आणि पैशाचे काय? ‘ड’ गटाचे ९ लाख ऐकायला मोठे वाटतात. पण बारावा हंगाम २९ ऑगस्टला सुरू होऊन ३१ ऑक्टोबरला संपला. सरावाचे दिवस धरले तरी वर्षातील बराचसा काळ लीग नसते आणि पुढच्या वर्षीची खात्रीही नसते. जुन्या पिढीतील कबड्डीपटू खेळत होते ते नोकरीसाठी. रेल्वे, सेनादल, पोलीस, महिंद्रा, भारत पेट्रोलियम यांच्या संघांत जागा मिळाली की आयुष्य मार्गी लागे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी लीगमधील बोली नव्हे, तर मान्यताप्राप्त राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात. लीगचा करार मिळाला म्हणून राज्य स्पर्धा सोडणारा मुलगा इथे फसतो.

म्हणून पहिला करार समोर आला, की आकड्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. करार किती हंगामांचा आहे आणि पुढच्या वर्षी राखण्याचा हक्क कोणाचा? सरावात दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार आणि पगार मिळणार का? जिल्हा, राज्य किंवा विद्यापीठाकडून खेळण्यास संघ सोडणार का? नोकरी असेल, तर आणखी एक : कार्यालयाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय सही करू नये.